कानात बूच घालून ऐकायचं

मी सातवी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण कल्याणला कानाच्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेलो, तेव्हा शेजारी एक रिक्षावाला होता. माझ्याच वयाचा. माझ्याकडे वाकून विचारतो, "दादा, तुमच्या पण कानात वाजतं का हो?" मी म्हणालो, "वाजतं. दिवसभर." त्याच्या डोळ्यात पाणीच आलं. म्हणाला, "मला वाटलं मलाच. घरी सांगितलं तर म्हणतील म्हातारा डोक्यातून गेला."

त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. हे त्याच्यासाठी लिहितोय, आणि दिवसभर मोटारसायकलवर असणाऱ्या, हेल्मेटात आवाज लावणाऱ्या सगळ्यांसाठी. मी डॉक्टर नाही. माझं काय झालं तेवढंच सांगतो.

दातांची गाडी

आधी कोलशेतच्या एका कंपनीत होतो, प्रेस शॉपला. पत्र्यावर दणादण ठोके. रिटायर झाल्यावर घरी बसवेना. विठ्ठलवाडीला तुषार म्हणून ओळखीचा आहे, त्याची दातांची लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात. तो आपण लॅबमध्ये आणायचा, कवळी नाहीतर दात तयार झाला की परत नेऊन द्यायचा. घोडबंदर रोडला जेवढ्या बिल्डिंगा तेवढे दातांचे दवाखाने. ह्या कामाला पिकअप बॉय म्हणतात. पोरांची लग्नं झाल्यावर मी बॉय झालो. माझी बायको कमल येईल त्याला सांगायची, "आमचे हे लोकांचे दात पोचवतात, स्वतःचे चार पडलेत त्याची शुद्ध नाही."

मी मोबाईल हेल्मेटात कोंबून बोलायचो. एकदा तो गायमुखच्या उतारावर पडला आणि त्याच्यावरून टँकर गेला. तेव्हा तुषारने हेल्मेटात ते बोलायचं यंत्र बसवून दिलं. कानांपाशी दोन चपट्या चकत्या, तोंडापुढे बारीक दांडी. फोन खिशात. वाजला की हेल्मेटावरचं बटण दाबायचं. तुषार सांगणार, "काका, कासारवडवलीहून परत येताना मानपाड्याला एक साचा आहे," आणि मी गाडी वळवणार.

दुपारी कमलचा फोन यायचा. "जेवलात का? कुठं पोचलात?" एवढंच. मग बोलायचं काही नसायचं, पण ती फोन ठेवायची नाही. कट्ट्यावर तसाच ठेवून कामाला लागायची. मी गाडी चालवतोय आणि कानात माझ्या घरातली भांडी वाजतायत, कुकरची शिट्टी होतेय, भाजीवालीशी ती भांडतेय. "एवढी महाग? सोन्याची आहे का गं तुझी गवार?" मला ट्रॅफिकमध्ये एकट्याला हसू यायचं.

कमल गेली. डेंगू झाला, दवाखान्यात नेली, आणली ती तशीच आणली. त्याच्यावर मला लिहायचं नाही.

कामाला परत लागलो तर दुपारी हेल्मेट मुकं. मी रेडिओ लावायला सुरुवात केली. कोण काय बोलतंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. माणसाचा आवाज पाहिजे होता. घोडबंदरला कंटेनर बाजूने जातो, वारा हेल्मेटात घुसतो, मेट्रोच्या कामाची ठोकाठोक चालूच. त्यात ऐकू यायला मी आवाज वाढवायचो. उद्या आणखी. बटण दाबून दाबून ते "टुक" करायचं, म्हणजे याच्यापुढे नाही. मी टुकवरच ठेवायला लागलो.

सावंतांची मोटर

एका रविवारी दुपारी घरात बसलेलो. पंखा पण बंद होता. तर कुठंतरी मोटर चालू. बारीक, कुंईं... एका सुरात. मी तासभर सहन केलं आणि मग वर सावंतांकडे गेलो.

"तुमची मोटर बंद करा. डोकं उठलं."

सावंत बनियनवर दारात. "आमच्याकडे मोटर कुठे आहे?"

"मग मला काय स्वप्न पडतंय?"

"तुम्हीच आत येऊन बघा ना, काका. मोटर सापडली तर तुमची."

मी खरंच आत जाऊन बघितलं. बाथरूमपण सोडलं नाही. सावंतवहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग वॉचमनला घेऊन गच्चीवर गेलो, टाकीला कान लावून उभा राहिलो. वॉचमन पण लावून उभा. तो म्हणतो, "काही नाही काका." मला वाटलं, हा सावंतांना मिळालेला आहे.

पुढच्या आठवड्यात मुलीकडे, सुजाताकडे गेलो. ती कोलशेतला उंच बिल्डिंगमध्ये राहते. तिच्या हॉलमध्ये बसलो तर तिथे पण तीच मोटर. तेव्हा समजलं, मोटर माझ्याबरोबर फिरतेय. मी कोणाला बोललो नाही. सावंतांना जिन्यात टाळायला लागलो.

लसणाचं तेल

गावी माझी बहीण आहे, आक्का. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "वारं भरलंय कानात. लसूण जाळ खोबरेलात, कोमट असताना घाल, वर कापूस लाव." आमच्याकडे कानाला हेच औषध, पहिल्यापासून. मी घालायला लागलो. सकाळी तेल, वर कापूस, वर हेल्मेट, आणि दिवसभर ऊन. मला वाटायचं, कापसाने बाहेरचा गोंगाट पण अडतो, दोन्ही कामं झाली. गोंगाट काही अडत नव्हता. कान खाजायला लागला, मग ठणकायला लागला, उशी चिकट व्हायला लागली. आक्का म्हणाली, "घाण बाहेर पडतेय, चांगलं आहे."

मग मानपाड्याच्या आजींचं झालं. त्यांच्या नातीचा साखरपुडा होता आणि कवळी माझ्या पेटीत. मी ती तशीच घेऊन विठ्ठलवाडीला परत आलो. तुषार डोक्याला हात लावून बसलेला.

"काका, मी फोन केलेला ना? आधी मानपाडा करा म्हणून."

"फोन आला नाही."

"आला. तुम्ही उचललात. मी सांगितलं, तुम्ही हो म्हणालात. मी परत विचारलं, नक्की ना? तुम्ही म्हणालात, नक्की."

खरं होतं ते. ऐकू आलं नाही की मी हो म्हणायचो. ज्याला कमी ऐकू येतं तो प्रत्येक जण हेच करतो, कोणी कबूल करत नाही. आजी साखरपुड्यात तोंडावर रुमाल धरून बसल्या. सगळ्या फोटोत रुमाल. तुषार मला रागावला नाही. नुसतं म्हणाला, "काका, थोडे दिवस बसा घरी." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

स्मृतिदिन

कमलच्या पहिल्या स्मृतिदिनाला घरी भंतेजी आलेले. नातेवाईक, बिल्डिंगमधले लोक, सावंत पण आले. भंतेजी त्रिसरण-पंचशील देतात, ते एकेक ओळ म्हणणार आणि आपण त्यांच्या मागून म्हणायची. लहानपणापासून पाठ आहे. पण भंतेजींचा आवाज मऊ. मला दिसत होतं की ओठ हलतायत. मी अंदाजाने म्हणत होतो, मान खाली, हात जोडलेले.

सुजाताने माझं मनगट धरलं. मान वर केली तर सगळे गप्प. कधीचं संपलेलं. भंतेजी माझी ओळ संपायची वाट बघत थांबलेले, आणि मी एकटाच मोठ्याने शील म्हणत होतो. मागे कोणाची तरी सून हसली. कमलच्या फोटोसमोर.

लोक गेल्यावर सुजाता भांडी आवरत म्हणाली, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"पप्पा, मी पाठ फिरवून हळू बोलले, तुम्हाला कळलं पण नाही. आत्ता तोंड बघून बोलताय. किती दिवस?"

ती म्हणाली, "उद्या डॉक्टर."

फोडणी

डॉक्टरमॅडम तरुण होत्या. कानात बॅटरी मारली आणि मागे सरकल्या.

"काय घालता ह्याच्यात?"

"तेल."

"कसलं?"

"खोबरेल. लसूण घालून."

"मोहरी-हिंग राहिला का? तेवढी फोडणी पूर्ण झाली असती."

सुजाता हसली. आई गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मॅडमनी सांगितलं, दोन्ही कानांत बुरशी धरलीय. तेलाचा ओलावा, कापूस, हेल्मेटातला घाम, बुरशीला आणखी काय पाहिजे. मशीन लावून साफ केलं. दुखतं, खोटं कशाला सांगू. बारकं पोर रडावं तसा मी त्या खुर्चीच्या दांड्या धरून बसलेलो. बरेच वेळा जावं लागलं. कान पूर्ण सुके झाल्यावर मग ऐकण्याची तपासणी.

ती तपासणी एका पेटीत असते. काचेची खिडकी, जाड दार. आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. दार लागलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. सगळं म्हणजे सगळं. मग माझी आतली मोटर एवढी मोठी झाली की मला कळेना, ही त्यांची शिट्टी का माझी. घाम फुटला. घरातल्या एकट्याच्या दुपारी आठवल्या. मी बटण दाबतच सुटलो. काचेपलीकडचा माणूस हाताने खूण करत होता, हळू, हळू.

मॅडमनी कागद दाखवला. रेघ सरळ चाललीय आणि पुढे घाट उतरावा तशी खाली. म्हणाल्या, बुरशी गेली पण हे राहणार. कंपनीचे ठोके, गाडीवरचा वारा, आणि त्याच्यावर मात करायला लावलेला मोठा आवाज, तिघांनी मिळून खाल्लंय. बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, लहान मुलांचे.

मी विचारलं, "गेलेलं परत येईल?"

"नाही काका. आहे ते राखायचं."

"आणि वाजणं?"

"कमी-जास्त होईल. सवय होते."

मी म्हणालो, "बायको गेल्याची पण सवय होते म्हणतात."

मग मी आणखी एक विचारलं, जे सुजातासमोर विचारायला नको होतं. "माझी बायको आज असती, तर तिचं मला किती ऐकू आलं असतं?"

मॅडमनी कागदाकडे बघितलं. खरोखर बघितलं, उगाच नाही. म्हणाल्या, "शेजारी बसून बोलल्या असत्या, तर सगळं."

किल्ली

मॅडमकडे पहिल्यांदा गेलो त्याच दिवशी सुजाताने गाडीची किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली आणि मला कोलशेतला घेऊन गेली. तिचं म्हणणं सरळ होतं. "मागून ट्रक आला तर कळणार आहे का? आई गेली. आता मी घोडबंदरवरून तुम्हाला उचलून आणू? गाडी विकायची."

सकाळी ऑफिसला जायच्या आधी ती माझ्या कानात थेंब टाकायची. ते स्वतःचे स्वतःला टाकता येत नाहीत, एकट्या माणसाने करून बघावं, गालावर पडतात. सोफ्यावर आडवं व्हायचं, डोकं तिच्या मांडीवर. थेंब टाकून ती तसंच धरून ठेवायची. औषध मुरेपर्यंत कोणी बोलायचं नाही. ह्या दुखण्यात मला जे काही बरं मिळालं त्यात हे एक. मग ती पर्स घेऊन जायची, जावई जायचा, नातवंडं जायची, आणि मी आणि मोटर.

खिडकीतून खाडी दिसते. लोक म्हणतात, काय व्ह्यू आहे. मला त्या व्ह्यूची शिसारी आली. मी एका सकाळी तिला सांगितलं, "गाडी काढलीस तर मी इथेच मरेन. ट्रकखाली मरण्यापेक्षा हळू मरेन, एवढाच फरक."

"ब्लॅकमेल करू नका, पप्पा."

"मला तो शब्द माहीत नाही. खरं ते सांगतोय."

तिने थेंबांची बाटली टेबलावर आपटली. पण पुढच्या वेळी दवाखान्यात तिनेच विषय काढला.

बूच

शिट्टीच्या पेटीपलीकडचा जो माणूस होता, त्याला सगळे सर म्हणतात. त्याने ऐकून घेतलं आणि खणातून स्पंजची दोन पिवळी बुचं काढली. "हे कानात घालायचं. वरून हेल्मेट. हेल्मेटातलं यंत्र आहे तसंच राहू दे, पण आवाज कमी."

मी म्हणालो, "सर, मला आधीच कमी ऐकू येतं. वरून बूच मारू?"

"तुम्ही आवाज का वाढवत होतात?"

"वारा."

"लग्नात डीजे चालू असताना शेजारच्याशी कसे बोलता?"

"बोंबलून."

"आणि डीजे बंद झाल्यावर? आवाज वाढवू नका, डीजे बंद करा. हेल्मेटातला वारा हा तुमचा डीजे. बुचाने तो पडतो. यंत्र कानाजवळ आहे, त्याचा आवाज बुचातून पण आत येतो. हॉर्न पण येतो, फक्त बोचत नाही."

मला पटलं नाही. कंपनीत पण असली रबरी बुचं मिळायची, आम्ही त्यात बिड्या खोचून उभ्या करायचो. पण सुजाता बघत होती, म्हणून घातलं. आधी मला जमलंच नाही. नुसतं दाराशी टेकवलं तर उपयोग नाही. बोटांत वळून सुतळीसारखं बारीक करायचं, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, आत सरकवायचं, आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. हात धुऊन. मळलं की फेकायचं. कान ओला असेल, खाजत असेल, दुखत असेल तर घालायचं नाही, आधी डॉक्टर. आणि तेल तर नाहीच नाही. आक्काला हे सांगितल्यावर ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

आणखी एक. ह्याचा अर्थ गप्पा मारत गाडी चालवा असा नाही. रेडिओ मी बंद केला. तुषारने परत कामावर घेतलंय, त्याचा फोन आला तर गाडी कडेला लावून बोलतो. ऐकू आलं नाही तर आता म्हणतो, "ऐकू आलं नाही, परत सांग." हे वाक्य म्हणायला मला औषधापेक्षा जास्त दिवस लागले.

हॉर्न

सुजाता अशी ऐकणारी नाही. म्हणाली, "सर काहीही म्हणू देत. मी बघणार. मी स्कूटीवर तुमच्या मागे येते. मी हॉर्न वाजवीन. ऐकू आला की डावा हात वर करायचा. एक जरी चुकला तर गाडी विकली. बोला."

"कबूल."

रविवारी सकाळी कोलशेतचा खाडीकडचा रस्ता मोकळा असतो. तिच्या हेल्मेटात पण असलंच यंत्र आहे, ऑफिसला जाताना वापरते. तिने फोन लावून तसाच चालू ठेवला, म्हणजे मला सूचना देता येतील. मी बुचं घातली. गाडी काढली आणि वेग घेतला.

वारा गेलेला. म्हणजे होता, छातीवर लागत होता, पण डोक्यात नव्हता. एवढी वर्षं मी काय घेऊन फिरत होतो ते मला तेव्हा कळलं. इंजिन खाली गुरगुरतंय, चाकाखाली खडी वाजतेय. आतली मोटर होती, ती असणार. पण तिच्या शेजारी आता बाकीच्यांना पण जागा होती.

मागून हॉर्न. मी हात वर केला.

पुढे परत, जरा लांबून. हात. मग एक ट्रक समोरून जात असताना तिने मुद्दाम अगदी बारीक दिला, बदमाश आईवर गेलीय. हात. मी म्हणालो, "अजून?" तिच्या आवाजात कानाजवळून, "गप्प बसा, पुढे बघा." टुकच्या कितीतरी खाली होतं यंत्र, आणि शब्द न् शब्द कळत होता.

मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. वळण आलं, मी इंडिकेटर दिला, हळू घेतलं, परत सरळ झालो. तेवढ्यात कानात तिचा श्वास आला, आणि मग बोलणं. माझ्याशी नाही. एकदम हळू, आपल्या आपल्याशी बोलतात तसं. तिला काय माहीत की एवढं बारीक मला ऐकू येईल.

"आई, नीट चालवतायत गं ते," ती म्हणाली. "बघ. नीट चालवतायत." आणि नाक ओढलं.

मागून हॉर्न वाजलेला नव्हता. मी डावा हात वर केला.